आमच्या शेळ्यांना विष कुणी घातलं?

२००६ च्या पावसाळ्यात, पोळ्याच्या चार दिवस आधी, मेहकरला आमच्या दोन शेळ्या एका रात्रीत मेल्या. मी नऊ वर्षांचा होतो. संध्याकाळी त्यांनी रवंथ करणं सोडलं, दात करकर वाजवत उभ्या राहिल्या, मग हगवण लागली. आजीनं ताक पाजलं, गूळ चारला, मिठाच्या पाण्यानं दृष्ट काढली. सकाळी दोघीही पाय ताणून पडलेल्या होत्या. त्यातली एक गाभण होती.

आजी ओसरीवर बसून एकच वाक्य परत परत म्हणत होती, "कोनं तरी इख घातलं."

हे 'कोनं तरी' कोण, यावर घरात फार वेळ चर्चा झाली नाही. महिनाभर आधी आमच्या शेळ्या भिंत ओलांडून शेजारच्या काकांच्या वांग्यांत शिरल्या होत्या. अर्धा वाफा साफ केला होता. काका तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "परत आल्या तर पाहून घेईन." आमच्या घराच्या कोर्टात एवढा पुरावा पुरला. त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद झालं. लग्नपत्रिका भिंतीच्या या बाजूची त्या बाजूला जाणं थांबलं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती आणि आम्ही गृहपाठ एकाच दिव्याखाली करायचो, तेही संपलं. नऊ वर्षांच्या मुलाला असल्या गोष्टी कुणी समजावून सांगत नाही. त्याला फक्त कळतं की आता तिकडं जायचं नाही.

हे सगळं मी जवळजवळ विसरलो होतो. अकोल्याला इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, मग लॉकडाऊन, आणि लॉकडाऊनमध्ये अनेकांनी आणलं तसं एक कुत्र्याचं पिल्लू. त्याचं नाव चिकू. २०२१ मध्ये एका मीटिंगच्या मधोमध चिकूनं बाल्कनीतल्या डिफेनबाकियाचं पान चावलं. तोंडातून लाळेची धार लागली, पंजानं स्वतःचंच तोंड ओरबाडायला लागला, आवाज फुटेना. मी कॅमेरा बंद करून त्याला उचललं आणि जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे धावलो.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "झाड कोणतं?" मी म्हणालो, "मोठी पानं, पांढरे ठिपके." त्यांनी फोनवर फोटो दाखवला, मी मान हलवली. तोंड धुतलं, एक इंजेक्शन दिलं, "हा संध्याकाळपर्यंत ठीक होईल" म्हणाले. तो झालाही. पण निघताना त्यांनी सहज जोडलं, "सोसायटीत कण्हेर आहे का? असणारच. झाडावरचं पान कडू लागतं, जनावर सहसा तोंड लावत नाही. छाटून टाकलेल्या फांद्या सांभाळा. पान सुकलं की कडूपणा कमी होतो, विष तेवढंच राहतं."

मी चिकूला घेऊन पार्किंगमध्ये उभा राहिलो आणि मला पंधरा वर्षांपूर्वीची एक दुपार दिसायला लागली. आबांनी विजेच्या तारेला लागणारी कण्हेर छाटली होती. फांद्यांचा ढीग पडला होता. ते मला म्हणाले होते, "उकिरड्यावर टाकून ये." उकिरडा लांब होता. मी फांद्या ओढत नेऊन गोठ्यामागं टाकल्या आणि खेळायला पळालो. शेळ्या मेल्या त्याच्या दोन दिवस आधीची ही गोष्ट.

आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला की नंतर बैठक होते. त्या बैठकीचा एक नियम असतो. कुणी पाडला हे विचारायचं नाही, कसा पडला हे विचारायचं. मी आधी हा नियम म्हणजे कंपन्यांची गुळगुळीत भाषा समजायचो. त्या रात्री मी पहिल्यांदा तो मनापासून वापरला आणि वाचायला बसलो. शेळ्या कशा मेल्या इथून सुरुवात केली होती, पण वाचता वाचता लक्षात आलं की जनावर विषानं मेलं की आपण आधी माणूस शोधतो, आणि झाड तिथंच फुलं घेऊन उभं असतं. या सवयीला भलामोठा इतिहास आहे.

*

कण्हेरीचं संस्कृत नाव करवीर. कोल्हापूरमुळे हा शब्द आपल्या कानावर असतो. पण तिची आणखी दोन नावं आहेत, अश्वमारक आणि हयमारक. दोन्हींचा अर्थ घोडे मारणारी. नावातच धोक्याची पाटी लावलेली आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात वनस्पतींपासून आणि खनिजांपासून येणारी विषं सांगितली आहेत, एकूण पंचावन्न. त्यातल्या आठ मूळविषांच्या यादीत अश्वमार आणि गुंजा शेजारी-शेजारी बसले आहेत. गुंजेकडे आपण पुढे येऊच.

तिकडे पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस नावाचा ग्रीक वैद्य लिहितो की या झाडाची पानं आणि फुलं कुत्र्यांना, गाढवांना, खेचरांना आणि बहुतेक चौपायांना मारतात. रोमचा प्लिनी तेच शेळ्यामेंढ्यांबद्दल सांगतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, एकमेकांची भाषा न येणाऱ्या लोकांनी, मेलेली जनावरं पाहून एकच निष्कर्ष काढला होता. आता आपल्याला त्यातलं रसायनही माहीत आहे. कण्हेरीतली द्रव्यं हृदयाच्या पेशीतला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतात, ठोके चुकायला लागतात, मंदावतात, थांबतात. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं १७८५ मध्ये डिजिटॅलिसवर पुस्तक लिहिलं, त्या औषधाची जातकुळी हीच. मात्रेत असेल तर हृदयरोग्याला आधार, आणि पशुवैद्यकाच्या पुस्तकांत नेहमी दिला जाणारा आकडा असा की दहा-वीस पानं मोठ्या गायीला पुरतात. आमची शेळी गायीच्या दशांशाएवढी होती.

जुन्या लोकांना प्राणी आणि विष यांचं नातं उलट्या बाजूनंही माहीत होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजवाड्याच्या सुरक्षेचं एक प्रकरण आहे. त्यात राजानं कोणते पक्षी पाळावेत ते दिलंय. विष जवळ आलं की क्रौंच पक्षी झिंगतो, जीवंजीवक मलूल होतो, मत्तकोकिळ मरतो, चकोराच्या डोळ्यांचा रंग बदलतो. पक्षीशास्त्र म्हणून हे कितपत खरं ते सोडा. मला त्यातली व्यवस्था महत्त्वाची वाटते. प्राणी हा राजाचा सेन्सर होता. तो मेला की राजा वाचायचा. आपण चिकूला सोफ्यावर घेऊन बसतो आणि त्याच्यासाठी बाल्कनी तपासतो, हा नात्यातला बदल तसा फार अलीकडचा आहे.

*

मग एवढं सगळं माहीत असताना कण्हेर दारात लावलीच का?

आईला विचारलं तर ती म्हणेल महादेवाला वाहायला. खरंच आहे, सोमवारी तिला फुलं लागतात. पण दारातल्या झाडांची यादी करून बघा. वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या घराच्या कडेला काय असतं? कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, मोगली एरंड, शेराचं कुंपण, बांधावर रुई, नाल्याकाठी बेशरम, आणि कुणी लावली नाही तरी आपोआप आलेली घाणेरी. या सगळ्यांत समान काय? शेळी त्यांना खात नाही. किंवा असं म्हणू, पोट भरलेली शेळी त्यांना खात नाही.

जिथं गुरं मोकळी फिरतात तिथं अंगणात तेच झाड टिकतं जे गुरांना नकोसं असतं. तारेचं कुंपण आणि सिमेंटची भिंत येण्याआधी विष हीच भिंत होती. आजही महामार्गांच्या दुभाजकांवर मैलोन् मैल कण्हेर लावतात. पाणी कमी लागतं, फुलं छान दिसतात, आणि मोकाट जनावर तिला तोंड लावत नाही. आपण झाडाला विषारी असल्याबद्दल दोष देतो, पण त्याला नोकरी त्याच गुणावर मिळालेली आहे.

गंमत म्हणजे या यादीतले निम्मे उमेदवार परदेशी आहेत. बिट्टी मध्य अमेरिकेकडची. तिचं शास्त्रीय नाव थेवेटिया हे आंद्रे थेवे या सोळाव्या शतकातल्या फ्रेंच साधू-प्रवाशावरून पडलं. आम्ही लहानपणी बिट्ट्यांच्या बियांनी खेळायचो. ती बी पांढऱ्या कण्हेरीच्या पानापेक्षा कमी घातक नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. मोगली एरंडाच्या नावात मोगल असले तरी तोही अमेरिकेचाच. त्याच्या बिया बदामासारख्या लागतात म्हणून शाळेतली पोरं खातात आणि रात्री रुग्णालयात रांग लागते, ही बातमी आपल्याकडे दर काही वर्षांनी येते. घाणेरी तर शोभेचं झाड म्हणून आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत तिला कौतुकानं लावलं होतं. तिथून ती देशभर सुटली. उपाशी जनावरानं ती खाल्ली की यकृत बिघडतं, कातडीला ऊन सोसत नाही, गाय सावली शोधत फिरते आणि पाठीची साल सोलून निघते.

पण या यादीतला माझा आवडता खलनायक बेशरम. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ही जांभळट गुलाबी फुलांची, कर्ण्यासारख्या फुलांची झुडपी वेल. मूळची दक्षिण अमेरिकेची. कापून फेकली तर फेकलेल्या जागी उगवते, पाण्यात उगवते, पाण्याबाहेर उगवते, म्हणून हे नाव. आमच्याकडे काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला निषेध म्हणून बेशरमाच्या फुलांचा गुच्छ देतात. कुंपणाला, कालव्याच्या काठाला ती मुद्दाम लावली गेली. तिच्यात स्वेन्सोनिन नावाचं द्रव्य असतं. शेळी सुरुवातीला खात नाही. उन्हाळ्यात दुसरं हिरवं काही उरत नाही, तेव्हा नाइलाजानं खाते, आणि काही दिवसांनी तिला त्याची चटक लागते. मग पावसात हिरवा चारा समोर असला तरी ती बेशरमच शोधते. मान हलायला लागते, मागचे पाय लटपटतात, वाळत जाते. अमेरिकेत गुरांना वेड लावणारी एक 'लोको' नावाची वनस्पती आहे, 'लोको' म्हणजे स्पॅनिशमध्ये वेडा. तिच्यातलं विषही हेच. टेक्सासचा काउबॉय आणि पैनगंगेच्या काठचा गुराखी दोघंही एकाच रेणूला शिव्या देत आले आहेत.

वेळेवर बेशरम तोडली तर शेळी बरेचदा सुधारते. पण यात मरण हळू येतं, महिनाभर डोळ्यांसमोर. त्यामुळे कुणावर संशय घेतला जात नाही. संशय घ्यायला रात्रीत मरावं लागतं.

*

आता गुंज. लाल, डोक्यावर काळा ठिपका, सोनाराच्या तराजूतली. आठ गुंजा म्हणजे एक मासा, बारा मासे म्हणजे एक तोळा. आजीच्या पाटल्या याच बियांनी तोलल्या गेल्या असतील. अख्खी गिळली तर कठीण कवचामुळे ती बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. फोडली, चावली, वाटली तर आतलं ॲब्रिन मोकळं होतं.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या वैद्यकीय न्यायशास्त्राच्या पुस्तकांत गुंजेचं एक वेगळंच प्रकरण येतं. जयसिंग मोदींचं जे पाठ्यपुस्तक १९२० पासून भारतातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाचत आल्या, त्यातही ते आहे. गुंजा सोलून वाटायच्या, त्या पिठाच्या बारीक टोकदार सुया वळायच्या, उन्हात वाळवायच्या, लाकडी मुठीत बसवायच्या. या हत्याराला 'सुई' किंवा 'सुतारी' म्हणत. ते जनावराच्या कातडीत मारलं की टोक आत मोडून राहतं, तीन-चार दिवसांत जनावर मरतं आणि बघणाऱ्याला वाटतं साप चावला. यापेक्षा आधुनिक उदाहरण हवं तर १९७८ चं लंडन घ्या. बल्गेरियाचा लेखक गिओर्गी मार्कोव्ह वॉटर्लू पुलाजवळ बसची वाट बघत असताना त्याच्या मांडीत एक बारीक गोळी घुसली आणि चार दिवसांनी तो वारला. तपासणाऱ्यांनी निष्कर्ष काढला रायसिनचा, म्हणजे एरंडाच्या बीतल्या विषाचा. ॲब्रिन आणि रायसिन ही सख्खी भावंडं. शीतयुद्धातल्या हेरांनी जे केलं ते हिंदुस्थानातल्या खेड्यात शंभर वर्षं आधी माहीत होतं.

इथवर वाचून मला वाटलं होतं की छान, रोमांचक माहिती मिळाली. पण पुढचा भाग तसा नाही.

ही सुई, आणि तिच्यापेक्षा जास्त वापरला जाणारा सोमल, कशासाठी? तर कातड्यासाठी, असं सरकारी कागद सांगत होते. आणि कातडं कुणाला मिळायचं? ढोरं ओढण्याचं काम गावानं ज्यांच्यावर जन्मानं लादलं होतं त्यांना. उत्तर हिंदुस्थानात हा आरोप चांभार समाजावर आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चामड्याचा व्यापार वाढला आणि पोलिसांच्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या कागदांत 'गुरांना विष घालणारी जात' हा शब्दप्रयोग रुळला. काही माणसांनी विष घातलं असेल, गुन्हेगार सगळीकडे असतात. पण रामनारायण रावत या इतिहासकारानं २०११ साली आलेल्या आपल्या पुस्तकात दाखवलंय की या कागदांनी एका संपूर्ण समाजालाच पिढीजात गुन्हेगार ठरवलं. प्रत्यक्षात त्यातले बहुसंख्य लोक शेती आणि शेतमजुरी करत होते.

मग गुरं कशानं मरत होती? त्या काळात हजारोंनी मरत होती हे खरं. इतकी, की सरकारनं त्यासाठी आयोग नेमला आणि १८७१ मध्ये त्याचा अहवाल आला. कारण होतं बुळकांडी. ताप, नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, भयंकर हगवण आणि थोड्याच दिवसांत मरण. विषाची लक्षणं सांगा म्हटलं तर कुणीही हीच सांगेल. बुळकांडीसारख्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा सुरू झाली, जी पुढे उत्तरेत मुक्तेश्वरला गेली. रोग जगातून संपल्याची घोषणा व्हायला २०११ उजाडलं. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून पुसलेला हा दुसरा रोग. रावतांचं पुस्तक आणि ही घोषणा एकाच वर्षीची हा निव्वळ योगायोग, पण मी तो वहीत लिहून ठेवला.

रोग, कोवळ्या ज्वारीचे कोंब, उन्हाळ्यात नाइलाजानं खाल्लेली घाणेरी, छाटलेली कण्हेर. यातलं काहीही साक्षीदार म्हणून उभं राहत नाही. माणूस राहतो. १८६० च्या दंडसंहितेत ४२८ आणि ४२९ ही कलमं जनावर मारण्याबद्दल, त्याला विष घालण्याबद्दल होती. आताच्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३२५ आहे. कायद्याला आरोपी लागतो आणि ते ठीकच आहे. पण विष म्हटलं की 'कुणी' हा प्रश्न आपोआप येतो, आणि 'कुणी'चं उत्तर गावात आधीच ठरलेलं असतं. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, पुढं अनेक गावांत लोकांनी ढोरं ओढणं नाकारलं, तेव्हा गावांनी बहिष्कार घातले. गावाला त्यांचं काम हवं होतं आणि त्यांच्यावरचा संशयही.

आमचा शेजार त्या मानानं फारच सोपा मामला होता. दोन्ही घरं एका जातीची, एका ऐपतीची. काकांना फक्त बारा-तेरा वर्षं कुणी 'या बसा' म्हटलं नाही. मी या दोन गोष्टींची तुलना करत नाहीये. पण वाचताना काकांचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना.

*

घरातल्या कुंड्यांचा इतिहास त्यामानानं छोटा आणि काचेचा आहे. १८२९ मध्ये लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरनं बंद बाटलीत एक पतंगाचा कोश ठेवला होता. बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवला. यातून काचेच्या पेट्या निघाल्या आणि १८३३ मध्ये त्या पेट्यांत जिवंत रोपं जहाजानं सिडनीला पोचली. आधी समुद्राच्या खाऱ्या हवेत बहुतेक रोपं मरायची. या पेट्यांमुळे चीनचा चहा हिमालयात आला आणि जंगलातली सावलीत जगणारी झाडं युरोपच्या दिवाणखान्यात. सावलीत जगतं म्हणून तेच झाड आज तुमच्या वन बीएचकेमध्ये आहे.

चिकूनं चावलेल्या डिफेनबाकियाला व्हिएन्नाच्या राजवाड्यातल्या एका माळ्याचं नाव दिलंय. इंग्रजीत त्याला 'डंब केन' म्हणतात, म्हणजे मुकं करणारी छडी. कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत गुलामांना शिक्षा म्हणून त्याचा तुकडा चावायला लावत अशा नोंदी आहेत. जीभ सुजते, बोलता येत नाही. चिकूला आवाज फुटत नव्हता त्याचं कारण हेच.

मराठी माणसाला हे समजायला वनस्पतीशास्त्र लागत नाही. अळूच्या भाजीत चिंच का घालतात? घसा खवखवू नये म्हणून. अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. डिफेनबाकिया, मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, मॉन्स्टेरा, पीस लिली ही सगळी अळूचीच भावकी. कुत्र्या-मांजराचं तोंड भाजतं, लाळ गळते, पण बहुतेक वेळा जीव वाचतो. नर्सरीत पाटी काहीही असो, पान बघून अळू आठवला तर कुंडी वर टांगा.

जीव घेणारी वेगळी आहेत आणि तीन लक्षात ठेवली तरी पुष्कळ. एक कण्हेर, बिट्टी आणि त्यांचं बाल्कनीतलं भावंडं अडेनियम. दोन सायकस, जो प्रत्येक सोसायटीच्या गेटवर असतो. त्याच्या बिया कुत्र्याचं यकृत संपवतात. तीन, मांजर असेल तर लिली. पीस लिली नव्हे, गुच्छात मिळणारी मोठ्या फुलांची खरी लिली आणि डे लिली. मांजरानं अंगावर पडलेला पराग चाटला, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मूत्रपिंडं बंद पडू शकतात. हे पशुवैद्यांच्या लक्षात आलं १९९० च्या सुमारास आणि यातलं नेमकं विष कोणतं ते आजही सापडलेलं नाही. कुत्र्याला तीच लिली फारसं काही करत नाही. बागेत एरंडीची पेंड खत म्हणून टाकत असाल तर तीही कुत्र्याला खमंग लागते, तेवढं बघा.

आणि खाल्लंच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, आमच्या आजीचं ताकही नको. झाडाचा फोटो काढा, पान पिशवीत घ्या, डॉक्टरकडे जा. डॉक्टरचा पहिला प्रश्न तोच असणार आहे.

*

हे मी घरी सांगितलं नाही. दोन वर्षं नाही सांगितलं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो.

२०२३ च्या श्रावणात चिकूला गाडीत घालून समृद्धीवरून मेहकरला आलो. आबा गेले होते. आजीचं वय ऐंशीच्या पुढं, ऐकू कमी येतं, त्यामुळे कबुलीजबाब मोठ्यानं द्यावा लागला. कण्हेरीच्या फांद्या मीच गोठ्यामागं टाकल्या होत्या, काकांनी काही केलं नव्हतं. ती बराच वेळ चिकूकडं बघत बसली. मग म्हणाली, "त्याच्या दहाव्याले बी गेलो नाही आपण."

शेजारचे काका २०१९ मध्ये वारले होते. मला माहीत होतं, पण पुण्यात असताना ती एक बातमी होती.

दुसऱ्या दिवशी मी कात्री घेऊन कण्हेर छाटायला लागलो. मुळासकट काढू का असं आईला विचारलं तर तिनं, सोमवारी फुलं काय पुण्याहून पाठवशील का, असं विचारलं. म्हणून फक्त खालच्या फांद्या, चिकूचं तोंड पोचेल तेवढ्या उंचीच्या. हातमोजे घालून एकेक फांदी पोत्यात भरत होतो. भिंतीच्या पलीकडून काकूनं डोकावून पाहिलं. सतरा वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. तिनं विचारलं, "काय करून राह्यला रे?"

मी पोतं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. आजीला सांगितलं त्यापेक्षा वाईट पद्धतीनं सांगितलं, मध्येच डॉक्टर, मध्येच शेळ्या, मध्येच माफी.

काकूनं ऐकून घेतलं. म्हणाली, "आमाले माईत होतं. तुझे काका त्याच दिवशी म्हणले, गोठ्यामागं कण्हेर पडेल होती, ती खाल्ली असंन."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगतो कसं? तुमच्या घरानं बोलणं सोडलं होतं ना."

मग तिनं पोत्याकडं बोट दाखवलं. "हे कुठं टाकतो आता? उकिरड्यावर नको टाकू, तिथं साऱ्या गल्लीच्या बकऱ्या येतात. जाळू बी नको, धूर बाधते. आमच्या परसात खड्डा हाये, आण इकडं."